टेप एकदाच चालेल असं समजा : यू-मॅटिक आणि बीटाकॅमवरचं चित्रण फाइलमध्ये आणताना

आवाज मागेपर्यंत येतोय ना? ठीक आहे.

माझ्या या हातात जी जाडजूड कॅसेट आहे, शब्दकोशाएवढी, ती यू-मॅटिक. सोनीने १९७१ मध्ये बाजारात आणली. आतली टेप पाऊण इंच रुंद. आणि ही दुसरी बीटाकॅम एसपी, अर्ध्या इंचाची. बीटाकॅम आली १९८२ मध्ये, तिची सुधारलेली एसपी आवृत्ती १९८६ मध्ये. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या बातम्या, माहितीपट, नाटकांची चित्रीकरणं, संस्थांच्या मुलाखती, यांतलं बरंचसं काम या दोन कॅसेटींवर झालेलं आहे. आज ते लोखंडी कपाटांत, गोदामांत, कुणाच्या माळ्यावर पडून आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एक बाई अशीच एक यू-मॅटिक घेऊन आल्या. त्यांचे वडील तमाशात ढोलकी वाजवायचे, आणि एका संस्थेने त्यांची तासाभराची मुलाखत घेतली होती. वडील जाऊन बराच काळ झालेला, आवाज दुसरीकडे कुठेच नाही. बाई समोर बसलेल्या, त्यांना कधी एकदा बघते असं झालेलं, आणि मलाही घाई झाली. टेप मशीनमध्ये घातली. चित्र आलं, म्हातारा माणूस दिसला, ‘माझे उस्ताद म्हणजे’ एवढं बोलला, आणि मशीनमधून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. चित्र गेलं. मशीन उघडलं तर ड्रमवर तपकिरी चिखल. तो चिखल म्हणजेच त्या मुलाखतीची चाळीसेक सेकंदं होती. उस्तादांचं नाव त्यात गेलं. ते आता कुणालाही परत आणता येणार नाही.

असं का होतं? टेपचा पाया पॉलिएस्टरचा असतो, तो मजबूत. त्यावर चुंबकीय कण बसवलेले असतात, आणि ते कण धरून ठेवणारा जो लेप असतो तो बहुधा पॉलियुरेथेनचा. हा लेप हवेतली ओल शोषतो आणि हळूहळू त्याचे धागे तुटतात. टेप चिकट होते. आपल्याकडे चार महिने पावसाळा, कोकणात आणि मुंबईत तर उरलेले आठ महिनेही दमटच. अशी टेप मशीनमध्ये घातली की ती हेडला चिकटते आणि लेप खरवडून निघतो.

यावर उपाय आहे आणि ऐकायला तो विचित्र वाटतो. टेप भाजतात. म्हणजे पन्नास ते पंचावन्न अंश सेल्सिअसच्या स्थिर, कोरड्या उष्णतेत आठ तास किंवा त्याहून जास्त ठेवायची, मग तितकीच सावकाश थंड होऊ द्यायची. लेप तात्पुरता घट्ट होतो. काही आठवडे मिळतात, तेवढ्यात काम उरकायचं. त्या बाईंची टेप मी नंतर अशीच भाजली आणि उरलेली मुलाखत व्यवस्थित निघाली. पण हे आधी करायला हवं होतं. आणि कृपा करून हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका, त्याचा काटा पन्नास दाखवतो आणि आत सत्तर असतात. त्यासाठी प्रयोगशाळेत असते तशी, तापमान धरून ठेवणारी पेटी लागते. सगळ्याच टेपांना हे लागतं असंही नाही. आधी कॅसेटचं झाकण उचलून बघायचं, वास घ्यायचा, पांढरी बुरशी आहे का ते तपासायचं. बुरशी असेल तर ती कॅसेट बाकीच्यांपासून लांब ठेवायची आणि तोंडाला मास्क लावायचा. बुरशी लागलेली टेप चांगल्या मशीनमध्ये गेली की पुढच्या दहा टेपांना प्रसाद मिळतो.

एक बारीक गोष्ट राहिली. यू-मॅटिकच्या तळाला हे लाल बटण असतं. ते आधी काढून टाका. ते जागेवर असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की जुनं पुसलं जातं.

आता सिग्नलकडे येऊ. इथे लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात आणि ते त्यांना कळतही नाही. बीटाकॅममध्ये उजेड-अंधाराची माहिती एका पट्ट्यावर आणि रंगाची वेगळ्या पट्ट्यावर नोंदवलेली असते. हाच तिचा मोठेपणा. पण बाजारातला माणूस मशीनच्या मागे एकच पिवळी वायर जोडतो, म्हणजे कॉम्पोझिट. झालं! मुद्दाम वेगळं ठेवलेलं आपण पुन्हा कालवलं. मग रंगांच्या कडांवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसतात आणि आपण म्हणतो, जुनं आहे हो, असंच असणार. जुनं नाही, जोडणी चुकली. तीन वायरींचं कॉम्पोनंट घ्या, नाहीतर मशीनला एसडीआय असेल तर ते घ्या. यू-मॅटिकचं वेगळं आहे. तिथे रंगाचा सिग्नल एक मेगाहर्ट्झच्याही खाली उतरवून नोंदवतात. काही मशीनना मागे डब नावाची सात पिनांची जोडणी असते, तिच्यातून उजेड आणि रंग वेगळे मिळतात.

दुसरं, टाइम बेस करेक्टर. आपली पाल पद्धत म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं, प्रत्येक चित्राच्या दोन फील्ड, आणि एकेक ओळ चौसष्ट मायक्रोसेकंदांची. ड्रम सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो. टेप जरा ताणली गेलेली असेल, मोटर किंचित दमलेली असेल, तर ओळी पुढेमागे होतात आणि उभा खांब नागासारखा डोलायला लागतो. करेक्टर प्रत्येक ओळ थोडा वेळ धरून ठेवतो आणि वेळेवर सोडतो. तो नसला तर संगणकाचं कार्ड मधूनच चित्रं गाळतं, आणि आवाज नि ओठ यांची फारकत होते.

कॅसेटच्या सुरुवातीला रंगीत पट्टे आणि एकसुरी ‘टूऽऽ’ असते ना, ती कापू नका. मूळ तंत्रज्ञाने तुमच्यासाठी ठेवलेली ती मोजपट्टी आहे. वेव्हफॉर्म मॉनिटरवर बघून पातळ्या त्यावर लावायच्या, डोळ्यांनी नाही. आणि बीटाकॅम एसपीवर आवाजाचे चार मार्ग असू शकतात, दोन कडेचे आणि दोन चित्राच्या पट्ट्यांमध्ये मिसळलेले. पहिल्या दोनांवर निवेदन आणि उरलेल्या दोनांवर जागेवरचा मूळ आवाज, असं मला कितीदा तरी सापडलंय. दोनच वायरी जोडल्या तर ते कळणारच नाही.

फाइल कशी करायची? हिशोब करू. ७२० गुणिले ५७६ ठिपके, दहा बिट, काहीही न दाबता ठेवलं तर एका तासाचे साधारण ९३ जीबी होतात. ऐकून लोक घाबरतात आणि दोन जीबीचं एमपी-फोर मागतात. ते बघायला, पाठवायला जरूर करा. पण जपायची प्रत ती नव्हे, कारण त्यात काय टाकून द्यायचं हे यंत्राने ठरवलेलं असतं. मधला मार्ग एफएफव्ही-वन. हा खुला आहे, एकही बिट न गमावता दाबतो, जागा साधारण निम्म्यापर्यंत येते. २०२१ मध्ये त्याचं तपशीलपत्र रीतसर प्रसिद्धही झालं. आणि फील्ड जशा आहेत तशाच ठेवा. चित्र गुळगुळीत करायचा मोह मूळ प्रतीत नको, तो दुसऱ्या प्रतीत करा. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा, प्रती किमान दोन, आणि त्या एकाच इमारतीत नकोत.

(प्रश्न : एवढी घाई कशाला? टेपा पन्नास वर्षं टिकल्याच की.)

चांगला प्रश्न. काही टेपा अजून टिकतीलही. पण त्या चालवणार कशावर? सोनीने बीटाकॅमच्या कॅसेटी देणंसुद्धा थांबवलं, मशीन तर त्याआधीच बंद. माझ्याकडे यू-मॅटिकची तीन मशीन आहेत, त्यांतलं चालतं एक, बाकीची दोन त्याला सुटे भाग पुरवतात. हेडचा ड्रम झिजला की नवा मिळत नाही. ते दुरुस्त करणारे लोक आता सत्तरीत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट-ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं की चुंबकीय टेपवरचं जे २०२५ पर्यंत उतरवलं नाही ते बहुतांशी गेलं असं धरा. ती तारीख उलटून गेली.

(प्रश्न : आमच्या संस्थेकडे चारशे कॅसेटी आहेत आणि पैसे पन्नासांपुरते. कुठून सुरुवात करू?)

आधी सगळ्यांची यादी करा, मशीनमध्ये एकही न घालता. लेबलवर काय आहे, कुठली जात, वास, बुरशी. मग दोन गोष्टी बघा. याची दुसरी प्रत जगात कुठे आहे का? प्रसारित झालेला कार्यक्रम कदाचित दुसरीकडे सापडेल, पण त्याचं न कापलेलं मूळ चित्रण फक्त तुमच्याकडे असतं. आणि दुसरं, चित्रातली माणसं ओळखणारं कोण हयात आहे? त्या बाईंच्या मुलाखतीत आणखी चार वादकांची नावं येतात. ती कुणाची, हे सांगणारा एकच माणूस नारायणगावला होता. फाइल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि दुपारभर बसून सगळं लिहून घेतलं. उस्तादांचं नाव मात्र त्यांनाही आठवलं नाही.