टीए म्हणजे होमगार्ड नव्हे, आणि कायमची नोकरीही नव्हे

टीएची, म्हणजे प्रादेशिक सेनेची भरती निघाली की भिवंडीत धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांमध्ये दुसरा विषय नसतो. पण ही सेना नेमकी काय आहे आणि तिथे गेल्यावर हातातल्या कामाचं काय होतं, हे त्यांना नीट कोणी सांगितलेलंच नसतं.

गैरसमज: होमगार्ड, एसआरपी आणि टीए सगळं एकच.
तिन्ही वेगळी दलं आहेत. गणपती विसर्जनाला आणि मतदान केंद्रावर बंदोबस्ताला दिसणारा होमगार्ड राज्याच्या १९४७ च्या कायद्याखाली येतो. मुंबई दंगलीत होरपळत असताना ६ डिसेंबर १९४६ रोजी ही संघटना उभी राहिली. एसआरपीच्या, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाच्या नावातच ‘राखीव’ आहे, तरी तिथला जवान पूर्णवेळ पोलीस असतो. प्रादेशिक सेना मात्र लष्कराचा भाग आहे. तिचा कायदा १९४८ चा आणि तिचं उद्घाटन गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी ९ ऑक्टोबर १९४९ रोजी केलं. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या तिच्या बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या आहेत.

गैरसमज: एकदा लागलो की कायमची सरकारी नोकरी.
मूळ कल्पना नेमकी उलटी आहे. आपला कामधंदा सांभाळणाऱ्या माणसाने वर्षातला काही काळ गणवेश घालायचा, आणि देशाने हाक दिली की हजर व्हायचं. अधिकारी होणाऱ्याला पहिल्या वर्षी महिनाभराचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत चेन्नईच्या अकादमीत तीन महिने असा क्रम असतो. इन्फंट्री बटालियनमधल्या जवानांना पुष्कळदा याहून खूप जास्त काळ सेवेत ठेवलं जातं. बोलावलेल्या काळात पगार नियमित सैनिकाएवढाच मिळतो. पेन्शनसाठी मात्र जवानाला १५ आणि अधिकाऱ्याला २० वर्षं प्रत्यक्ष सेवा भरावी लागते. ही गोष्ट भरतीच्या रांगेत उभं राहण्याआधी समजून घ्यायला हवी.

गैरसमज: ही नावापुरती सेना, परेडपुरती.
१९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएच्या तुकड्या होत्या. ६ मे २०२५ रोजी, ऑपरेशन सिंदूरच्या आदल्या दिवशी, केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ तैनात करायला मंजुरी होती.

गैरसमज: या दलात सुधारणा होतच नाहीत.
होतात, आणि काही चांगल्या होतात. मराठवाड्यात झाडं लावण्यासाठी २०१७ मध्ये औरंगाबादला १३६ वी पर्यावरण बटालियन उभी राहिली. तिच्यात निवृत्त सैनिक आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने महिलांसाठी दार उघडलं. रेल्वेने मात्र टीएतल्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या सहापैकी पाच रेजिमेंट बरखास्त करायचा निर्णय घेतला. माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे. २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या लष्कराच्या पहिल्या अग्निवीरांची, म्हणजे चार वर्षांसाठी घेतलेल्या सैनिकांची, मुदत पूर्ण झाली, की जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सैन्यात राहतील. बाकीची मुलं शिकलेली, कसलेली आहेत. महिनाभरात नवा माणूस घडवण्यापेक्षा यांना टीएत घेणं शहाणपणाचं ठरेल. पण घरी परतलेल्या या मुलांना काम कोण देणार, आणि बोलावणं आलं की ते काम कोण राखून ठेवणार?

गैरसमज: टीएत गेलं की मालक कामावरून काढतो आणि काही करता येत नाही.
कायदा तसं म्हणत नाही. १९४८ च्या कायद्यातलं कलम ७ अ सांगतं की लष्करी सेवेसाठी बोलावलेला माणूस परत आला, की मालकाने त्याला पुन्हा कामावर घ्यायचं, आणि तेही आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर. कलम ७ ब प्रॉव्हिडंट फंडासारखे हक्क राखतं.

कागदावर हे भक्कम आहे, पण ते गृहीत धरतं की माणसाला ओळखीचा, एकच मालक आहे. त्या काळी गिरणी, रेल्वे किंवा सरकारी कचेरी असे मालक होते. आजच्या भिवंडीत यंत्रमागावरचा कारागीर मीटरवर पैसे घेतो. काल्हेर-पूर्णा-माणकोलीच्या गोदामात माल उतरवणारा मुलगा ठेकेदाराच्या हजेरीवर असतो, आणि ठेकेदार वर्षभरात बदलतो. असा मुलगा दोन महिने शिबिराला गेला तर परत येऊन कोणाच्या दारात उभा राहणार? राखीव सेना समाजातून येते, आणि समाजातला तरुण आज कंत्राटावर आहे. म्हणून बटालियन किती आणि प्रशिक्षण किती दिवसांचं, याइतकाच हा प्रश्न तातडीचा आहे. कलम ७ अ मध्ये ‘मालक’ या शब्दात ठेकेदार आणि त्याच्याकडून काम करून घेणारी मुख्य कंपनी, दोघांनाही स्पष्टपणे आणायला हवं.

तोवर भरतीला निघणाऱ्या प्रत्येक मुलाला एक कळकळीची विनंती आहे. बॅग भरण्याआधी आपली पगाराची पावती काढा आणि तिच्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. पावतीच मिळत नसेल तर आधी ती मागा.