हस्ताक्षराचे सोंग

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावी, किंवा मराठवाड्यातील अन्य कोणत्याही गावी, घरोघर पोहोचणारी लग्नपत्रिका पाहिली, तर कुलदैवतांची नावे, मुहूर्त आणि निमंत्रकांची नामावली ठाशीव मुद्राक्षरांत मांडलेली असते. तळाशी बाळगोपाळांच्या नावे घातलेले ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ हे लाडिक आवतण तेवढे, जणू त्यांनीच पेनाने लिहिले असावे अशा, किंचित कललेल्या अक्षरांत शोभते. हस्ताक्षरवजा फाँटचे प्रयोजन या एका ओळीत पुरते उघड होते: तेथे अधिकार नको असतो, सलगी हवी असते.

धावत्या लेखनाला छापाच्या साच्यात बसविण्याची ही खटपट आजची नव्हे. मराठी दफ्तरे शतकानुशतके ज्या मोडीत लिहिली गेली, तिची रीतच अशी, की आधी ओळभर शिरोरेषा ओढावी आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जावे. विल्यम कॅरी याने १८१० साली बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यात आपला मराठी कोश काढला, तेव्हा त्यात मराठी शब्दांसाठी याच मोडीचे खिळे वापरले. परंतु शिशाचा प्रत्येक खिळा सुटा; त्यामुळे ज्या वेगासाठी ती वळणे जन्मली तो वेग नाहीसा झाला आणि वळणे तेवढी उरली. हातात लेखणी नसता लेखणीची गती कशी दाखवावी, हा पेच तेव्हाही होता व संगणकापुढेही आहे.

इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली प्रसिद्ध केलेला, सर्वांस विनामूल्य उपलब्ध असलेला ‘कलम’ हा फाँट या पेचाचे सुरेख उत्तर आहे. त्याची देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी आणि रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी घडविली. बॉलपेनाने भरभर लिहावे तसा अक्षरांचा कल, काही गाठी उघड्या तर काही मिटलेल्या, आणि हलक्या, मध्यम व ठळक अशा तिन्ही प्रतींत प्रत्येकी १,०२५ अक्षररूपे, इतका सरंजाम त्यात आहे. कारण देवनागरीतील जोडाक्षरे थोडक्यात आटोपत नाहीत. तरीही माणसाचा हात एकच ‘ल’ दोनदा हुबेहूब काढीत नाही, यंत्र मात्र काढते, आणि चाणाक्ष वाचकास सोंग तेथेच कळते. म्हणून काही कलावंत एका अक्षराची दोन-तीन रूपे करून ती आलटूनपालटून योजण्याची तजवीज करतात.

चित्रकथेतील संवाद, बालपुस्तक, भेटकार्ड, दुकानाचा फलक येथे असा फाँट खुलतो. दीर्घ लेख त्यात वाचणे मात्र डोळ्यांस शिक्षा आहे; आणि ग्रामपंचायतीने लिलावाची नोटीस या लडिवाळ अक्षरांत लावली, तर तिचा हुकूम कोणी मनावर घेईल असे मला वाटत नाही. लहान आकारात ‘ष्ट्य’, ‘द्ध्य’ यांसारखी जोडाक्षरे शाईने भरून जाण्याचा धोकाही असतो. तेव्हा पत्रिका छापण्यास देण्यापूर्वी तिची एक प्रत खऱ्या आकारात, त्याच कागदावर काढून घरातील वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्यावी.