खुनाचा पत्ता, बुश स्ट्रीट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, त्यावर झेंडा लागतो आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांवरून गोटे सुटू लागतात. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात गोटमारीची कथा कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. पांढुर्ण्याचा पोरगा, सावरगावची पोरगी, दोघं पळून जाताना नदीच्या मधोमध सापडले आणि दोन्हीकडून दगड आले. त्या पोराचं नाव विचारा, साल विचारा. प्रत्येक जण वेगळं सांगेल, नाहीतर खांदे उडवेल. जागा विचारली की मात्र बोट थेट पात्राकडे जातं. माणसं दंतकथेतली, पत्ता पक्का.

इतकाच पक्का एक पत्ता अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत आहे. तिथे बुश स्ट्रीट हा रस्ता स्टॉक्टन बोगद्याच्या डोक्यावरून जातो. खालच्या रस्त्यावरून जिना चढून वर आलं, की समोरच बरिट स्ट्रीट नावाची बोळ दिसते. स्ट्रीट नावापुरतीच, चार पावलं आत गेलं की संपते. बोळीच्या तोंडाशी भिंतीवर एक पाटी आहे. साधारण याच जागी सॅम स्पेड या गुप्तहेराचा भागीदार माइल्स आर्चर याचा काटा काढला गेला, असं ती सांगते. आणि तेवढ्यावर न थांबता तो कोणी काढला तेही सांगते. आर्चर कधी जन्मलाच नव्हता. तो डॅशिएल हॅमेट यांच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’ या १९३० साली पुस्तकरूपात आलेल्या कादंबरीतला. पाटी लागली १९७४ मध्ये. रहस्यकथेचा शेवट भर रस्त्यात, फुकट आणि रात्रंदिवस फोडत बसलेली अशी दुसरी पाटी जगात असेल, असं वाटत नाही.

या पाटीपाशी १९७७ पासून एक माणूस लोकांचे घोळके घेऊन येत राहिला. डॉन हेरॉन त्याचं नाव. अंगात लांब ओव्हरकोट, डोक्यावर कपाळावर झुकलेली हॅट, आणि तोंडात हॅमेटच्या गोष्टी. सफर चार तासांची, अंतर सुमारे पाच किलोमीटर. अंतर ऐकून हसू नये. सॅन फ्रान्सिस्को हे टेकड्यांवर वसलेलं शहर आहे आणि हॅमेटची पात्रं उतारावर कमी, चढावर जास्त राहतात. पूर्वी सफर शहराच्या मुख्य ग्रंथालयाजवळून निघे. ते योग्यच होतं, कारण शाळा अर्ध्यावर सोडलेल्या हॅमेटचं पुढचं शिक्षण याच ग्रंथालयात झालं. पुढे हेरॉन यांनी सफरीचं पुस्तक केलं, रस्ते आणि घरक्रमांकांसकट. आता ते हातात घेऊन एकट्यालाही चालता येतं.

गुप्तहेरावर कादंबऱ्या लिहिणारे शेकडो. त्यांतल्या बहुतेकांनी गुप्तहेर पाहिलेला नसतो. हॅमेट स्वतः गुप्तहेर होता. १८९४ साली मेरीलँडमध्ये जन्मलेला हा मुलगा १९१५ मध्ये पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत लागला. या कंपनीचं चिन्ह होतं उघडा डोळा आणि ब्रीद होतं ‘आम्ही कधी झोपत नाही’. इंग्रजीत खासगी गुप्तहेराला ‘प्रायव्हेट आय’ म्हणतात, त्यात या डोळ्याचा वाटा मानला जातो. माणसाच्या मागे मागे चालायचं, तो कुठे वळला, कुठे थांबला, कोणाला भेटला ते टिपायचं आणि संध्याकाळी कोरडा अहवाल लिहायचा, हे काम. विशेषणाला त्यात जागा नव्हती. पुढे कादंबऱ्यांत त्याची जी तुटक, कोरडी, रोखठोक शैली नावाजली गेली, तिची तालीम या अहवालांत झाली असावी.

पहिल्या महायुद्धात तो सैन्याच्या रुग्णवाहिका दलात होता. तिथे आधी फ्लूने, मग क्षयाने गाठलं. १९२१ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत आला, जुलैत जोसेफिन डोलन या परिचारिकेशी लग्न केलं आणि एडी स्ट्रीटवर ६२० क्रमांकाच्या इमारतीत बिऱ्हाड मांडलं. पिंकर्टनची कचेरी मार्केट स्ट्रीटवरच्या फ्लड बिल्डिंगमध्ये होती. काही महिने तिथे काढले, पण फुप्फुसं साथ देईनात. पाठलागाची नोकरी सुटली आणि माणूस लिहायला बसला. ‘ब्लॅक मास्क’ नावाच्या स्वस्त, भडक मुखपृष्ठाच्या मासिकात १९२३ पासून त्याचा पहिला गाजलेला नायक येऊ लागला. त्याला नावच नव्हतं. तो नुसता कॉन्टिनेंटल कंपनीचा माणूस. मध्येच १९२६ मध्ये संसारासाठी सॅम्युएल्स या सराफी पेढीच्या जाहिराती लिहिण्याचं कामही हॅमेटने केलं. गुप्तहेर, क्षयरोगी, जाहिरात-लेखक. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

सफरीचं मर्म पोस्ट स्ट्रीटवरच्या ८९१ क्रमांकाच्या इमारतीत आहे. १९२६ ते १९२९ हॅमेट तिथे चौथ्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत राहिला. पलंग भिंतीत दुमडून ठेवायचा, एवढीच जागा. ‘रेड हार्वेस्ट’, ‘द डेन कर्स’ आणि ‘द मॉल्टीज फाल्कन’ त्याने इथे लिहिल्या. आता कादंबरी उघडा. सॅम स्पेडची खोलीही याच भागात, तिथेही पलंग भिंतीत दुमडतो. दारातून आत आल्यावरचा बोळ, न्हाणीघर, खिडकी यांची ठेवण लेखकाच्या खोलीशी जुळते. लेखकाने आपल्या खोलीत आपल्या पात्राला भाडेकरू म्हणून घेतलं होतं. रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी स्पेडचा फोन वाजतो तेव्हा गजराचं घड्याळ ज्या पुस्तकावर डळमळत ठेवलेलं असतं, तेही खरं पुस्तक. सॅन फ्रान्सिस्कोचे पोलीस कॅप्टन ड्यूक यांनी १९१० मध्ये लिहिलेला गाजलेल्या गुन्ह्यांचा संग्रह.

हे सगळं शोधून काढण्याचा नाद हेरॉनच्याही आधीचा. विज्ञानकथा व भयकथा लिहिणारे फ्रिट्झ लायबर याच वस्तीत राहत. १९७४ मध्ये त्यांनी एका रविवार पुरवणीत लेख लिहिला, सॅम स्पेडचा माग काढणारा. हातात कादंबरी, पायात बूट, आणि प्रत्येक वळणावर लेखकाची उलटतपासणी. हॅमेटने रस्त्यांची नावं खरी ठेवली, हॉटेलांची मात्र बदलली, त्यामुळे वादाला भरपूर जागा राहिली. कादंबरीतलं सेंट मार्क हॉटेल म्हणजे युनियन स्क्वेअरवरचं १९०४ सालचं सेंट फ्रान्सिस, असं बहुतेक जण म्हणतात. कोणी त्यात टेकडीवरच्या मार्क हॉपकिन्स हॉटेलचंही नाव मिसळलेलं पाहतात. स्पेडची कचेरी सटर स्ट्रीटवरच्या हंटर-डुलिन इमारतीत असावी, असा निष्कर्ष आहे.

सगळ्यात सुंदर शोध तारखेचा आहे. कादंबरीत साल दिलेलं नाही. पण एका प्रसंगात गिअरी थिएटरबाहेर जॉर्ज आर्लिस या नटाचं शायलॉकच्या वेशातलं पोस्टर दिसतं. आर्लिस हा खरा नट, थिएटर खरं. ते नाटक तिथे कधी लागलं होतं ते जुन्या वर्तमानपत्रांत पाहिलं, की कादंबरीचा काळ हाती येतो: डिसेंबर १९२८. गुप्तहेराच्या गोष्टीत वाचकांनी लेखकाचाच असा माग काढावा, याची गंमत हॅमेटला कळली असती.

पण हा खेळ प्रत्येक शहरात जमत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जमला, त्याचं कारण भूकंप. १९०६ चा भूकंप आणि पाठोपाठ लागलेली आग यांत शहराचा मधला भाग राख झाला. मग पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो नव्याने उभा राहिला, तीन-चार-सहा मजली भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींनी. स्टॉक्टन बोगदाही त्याच काळातला, १९१४ चा. हॅमेट आला तेव्हा हे सगळं नवंकोरं होतं. आज शंभर वर्षांनी त्यातलं पुष्कळ उभं आहे. फ्लड बिल्डिंग तर भूकंपाच्याही आधीची, १९०४ ची, ती तगली. त्यामुळे वाचक चालतो ते रस्ते बव्हंशी स्पेडच्या डोळ्यांसमोरचेच असतात. आपल्याकडे एखाद्या गल्लीत दहा वर्षांनी गेलं तरी वाडा जाऊन टॉवर आलेला असतो. तिथे कुठली पाटी लावणार आणि कुठल्या भिंतीला?

फ्लड बिल्डिंगच्या मागच्या अंगाला, एलिस स्ट्रीटवर, १९०८ पासूनचं जॉन्स ग्रिल हे खाणावळवजा रेस्तराँ आहे. कादंबरीत स्पेड घाईत असताना इथे चॉप्स, भाजलेला बटाटा आणि कापलेले टोमॅटो मागवतो. एका वाक्याचा उल्लेख; त्यावर या जागेने पुढचं नशीब काढलं. भिंतींवर हॅमेट, ताटात स्पेडचं जेवण, आणि कपाटात काळ्या बहिरी ससाण्याची प्रतिकृती. कादंबरीतली सगळी मारामारी ज्या पक्ष्याच्या मूर्तीपायी होते, तीच ही. २००७ मध्ये ती प्रतिकृती कपाटातून चोरीला गेली. मालकाने २५,००० डॉलरचं बक्षीस लावलं. चोरीच्या मूर्तीवरच्या कादंबरीतल्या मूर्तीची चोरी! असं कथानक हॅमेटने लिहिलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत पाठवलं असतं.

शहरानेही नंतर मनावर घेतलं. १९८८ मध्ये सिटी लाइट्स या पुस्तकांच्या दुकानाच्या पुढाकाराने बारा रस्त्यांना लेखक-कलावंतांची नावं दिली गेली. बुश स्ट्रीटपलीकडची मनरो स्ट्रीट, जिथे हॅमेट १९२६ मध्ये काही काळ राहिला, तिची डॅशिएल हॅमेट स्ट्रीट झाली. खऱ्या लेखकाची गल्ली आणि खोट्या खुनाची बोळ आता एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. हॅमेट १९२९ मध्येच शहर सोडून न्यूयॉर्कला गेला होता आणि १९६१ मध्ये वारला. त्याला यातलं काही दिसलं नाही.

गुप्तहेराच्या पत्त्याचं वेड अर्थात लंडनपासूनचं. शेरलॉक होम्सचं २२१ बी, बेकर स्ट्रीट हे घर कोनन डॉयलच्या काळात अस्तित्वातच नव्हतं. रस्त्याचे क्रमांक तिथवर पोचत नव्हते. पुढे क्रमांक वाढले, त्या जागी एका गृहकर्ज संस्थेची इमारत आली आणि होम्सला येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायला तिला खास सेक्रेटरी नेमावा लागला. तिथे पत्ता आधी, घर नंतर. हॅमेटचं उलट. त्याने घर, जिना, बोळ आधी पायाखाली घातली होती.

भारतातल्या गुप्तहेरांत पत्त्याला सगळ्यात जपलं ते बंगाल्यांनी. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर राहतो, आणि त्या रस्त्यावरच्या मेसमध्ये लेखकाने स्वतः दिवस काढले होते. सत्यजित राय यांच्या फेलुदाचं घर रजनी सेन रोडवर. रस्ता खरा, घर कल्पनेतलं. मुंबईची तऱ्हा और. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ मध्ये ‘द परफेक्ट मर्डर’ लिहून इन्स्पेक्टर घोटे हा मुंबईचा पोलीस जन्माला घातला, आणि स्वतः मुंबई पाहिली ती त्यानंतर दहा वर्षांनी. घोटेच्या मागे लोकांना चालवायचं ठरवलं तर वाटाड्याची पंचाईतच व्हायची.

आणि मराठीत? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या नावांवर दोन पिढ्या पोसल्या. रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवरून आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून त्या गावोगाव पोचल्या. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन नंतरच्या पिढीने असेच फस्त केले. पण वाचकाच्या तोंडी नायकाचं नाव राहिलं, पत्ता राहिला नाही. कथा धावत होत्या इतक्या वेगाने, की खिडकीतून गल्लीचं नाव वाचायला सवड नव्हती.

अपवाद एकच, आणि तो पोराटोरांचा. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे. गाव फुरसुंगी, शाळा पुण्यातली विद्या भवन, वाहन सायकल, तोंडात ‘ट्टॉक्’. फुरसुंगी हे हडपसरजवळचं खरं गाव, आणि मराठी वाचकांच्या कितीतरी घरांत ते केवळ या पोरामुळे ठाऊक आहे. १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर त्याची मालिका आली, २०१७ मध्ये सिनेमा. फुरसुंगी ते पुणे अशी सायकल-सफर कोणी काढली तर आईबाप मुलांच्या आधी नाव नोंदवतील. अर्नाळकरांच्या कथांतून मुंबईतल्या जागांची यादी काढायला कोणी बसलं तर तेही हवंच आहे. त्यासाठी संस्था, अनुदान, उद्घाटन काही लागत नाही. लायबर आणि हेरॉन यांनी सुरुवात केली ती एक पुस्तक, एक नकाशा आणि चालायची तयारी एवढ्या भांडवलावर.

मोहगाव-सौंसरच्या ज्या घरांतली पोरं कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत, त्या आईवडिलांना सॅन फ्रान्सिस्कोत एखादा दिवस मोकळा मिळतोच. पॉवेल स्टेशनला उतरावं. बाहेर आलं की फ्लड बिल्डिंग समोर आहे. तिथून चढ लागतो, गुडघे सांभाळावेत. कादंबरी वाचून झाली असेल तर बरिटच्या बोळीपर्यंत खुशाल जावं. वाचायची राहिली असेल, तर बुश स्ट्रीटवर बोगद्याच्या डोक्यावर पोचल्यावर भिंतीकडे बघू नये.