वरणाचं पाणी की घट्ट वरण-भात?
आता सहा महिन्यांनंतरच्या आहाराकडे येऊ. पहिले 6 महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हे आता बऱ्याच घरांत पटलंय. घोळ होतो तो त्याच्या पुढे. आजी प्रेमाने वरणाचं वरचं पाणी वाटीत काढते. म्हणते, हलकं असतं, बाळाला पचतं. आता हिशोब बघा. सहा-सात महिन्यांच्या बाळाचं पोट साधारण 200 मिलीचं. आईच्या 100 मिली दुधात 65 ते 70 कॅलरी असतात, वरणाच्या पाण्यात त्याहून कितीतरी कमी. म्हणजे पोट भरतं, बाळ दूध कमी पितं आणि वजन वाढायचं थांबतं. शिवाय जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो. आणि डाळीतला कस तर खाली राहिलेला असतो, तो खातात घरातले बाकीचे!

म्हणून ती खालची डाळच द्या. मऊ भातात कुस्करायची, वर थोडं तूप. मिक्सरमध्ये पाणी घालून पातळ करू नका. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये, इतकं घट्ट हवं. सुरुवातीला दोन-तीन चमचेच. बाळ जिभेने बाहेर ढकलेल, ते अजून गिळायला शिकतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत चालू राहू दे.