समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण आणि भारतीय भाषा

‘समुपदेशन’ हा शब्द मराठीत आता पुरता रुळला आहे. शाळा, रुग्णालय, कौटुंबिक न्यायालय, व्यसनमुक्ती केंद्र अशा नानाविध ठिकाणी त्याची पाटी दिसते. गंमत अशी की, या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडलेला आहे आणि या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात विद्यार्थ्याला मिळणारा पहिला धडा मात्र उपदेश न करण्याचा असतो. हिंदीने ‘परामर्श’ हा शब्द पत्करला. त्याच्या मुळाशी स्पर्श करणे, चाचपून पाहणे हा अर्थ आहे. कन्नडने ‘आप्तसमालोचने’ असा शब्द घडविला. त्यात आप्तभाव तर आहेच, शिवाय मराठी वाचकाला ग्रंथपरीक्षणाची आठवण करून देणारे ‘समालोचन’ही आहे. एकाच व्यवसायाची ही तीन भिन्न चित्रे होत. या व्यवसायाचे शिक्षण भारतात कसे घडत आले आणि त्यात भाषेचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडे मानसशास्त्राचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग प्रथम १९१६ साली कलकत्त्यास निघाला. तेथील गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मुंबईत १९३६ साली समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची संस्था सुरू झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. बंगलोर येथे १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि १९७४ मध्ये तिचे रूपांतर ‘निम्हान्स’ या संस्थेत झाले. म्हणजे प्रयोगशाळा, समाजकार्य आणि रुग्णालय अशा तीन वाटांनी हे शिक्षण आले. आजही मानसशास्त्रातील एम. ए., वैद्यकीय समाजकार्यातील पदवी आणि चिकित्सा-मानसशास्त्रातील प्रशिक्षण यांची धाटणी वेगवेगळी आढळते, ती यामुळेच.

कायद्यानेही ही विभागणी मानली आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची व्यवस्था केली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने त्यांची व्याख्या करताना देखरेखीखालील प्रात्यक्षिकासह दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम. फिल. शिक्षणाचा निर्देश केला. पुढे एम. फिल. ही पदवीच बंद करण्याचे ठरले, तेव्हा या विषयापुरती तिची वैधता २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवावी लागली. समुपदेशक मात्र बराच काळ या चौकटीबाहेरच राहिला. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या अधिनियमाने ‘वर्तनविषयक आरोग्यविज्ञान’ असा स्वतंत्र वर्ग मानून त्यात मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि निरनिराळ्या प्रकारचे समुपदेशक यांचा समावेश केला. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षणही त्याने आवश्यक ठरविले.

या तासांत विद्यार्थी नेमके काय शिकतो? व्यक्तिमत्त्वविषयक उपपत्ती, मनोविकृतींचे वर्गीकरण, मापनाची साधने व संशोधनपद्धती हे विषय झालेच. परंतु शिक्षणाचा गाभा प्रात्यक्षिकात असतो. विद्यार्थ्याने अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष माणसांशी बोलावयाचे, झालेल्या संवादाची शब्दशः नोंद करावयाची आणि त्या नोंदीची चिकित्सा मार्गदर्शकासमोर करावयाची. आपण कोठे घाईने दिलासा दिला, कोठे प्रश्नातच उत्तर सुचविले, कोणता शब्द ऐकूनही न ऐकल्यासारखा केला, हे त्या चिकित्सेत उघड होते. संहितेच्या सूक्ष्म वाचनाशी साहित्याच्या अभ्यासकाचा परिचय असतोच. त्याला ही पद्धत परकी वाटू नये.

भाषेचा प्रश्न उद्भवतो तो येथे. संवाद झालेला असतो मराठीत, कन्नडमध्ये वा भोजपुरीत. नोंद आणि चिकित्सा मात्र बहुधा इंग्रजीत होते. अशा भाषांतरात जे गळते ते किरकोळ नसते. मराठी माणूस ‘मन खाते’ असे म्हणतो, तेव्हा अपराधाची टोचणी सांगतो. ‘मनाला लागले’ म्हणतो, तेव्हा अपमान. ‘जिवाला घोर लागला’ म्हणतो, तेव्हा बहुधा दुसऱ्या कोणासंबंधीची काळजी. ‘कशात राम वाटत नाही’ हा प्रयोग तर विशेष लक्षणीय आहे. ज्या विकाराला आपण ‘नैराश्य’ म्हणतो, त्याच्या प्रमुख लक्षणांपैकी एक म्हणजे गोष्टींतील रस नाहीसा होणे. ते या वाक्प्रचारात नेमके उतरले आहे. उलट ‘नैराश्य’ हा शब्द केवळ आशाभंग सुचवितो. त्यामुळे ‘तुम्हांला निराश वाटते का?’ या प्रश्नाला एखादा रुग्ण प्रामाणिकपणे नकार देईल आणि विकार मात्र कायम राहील.

सर्वनामांचीही तीच कथा. इंग्रजीतील एकाच द्वितीयपुरुषी सर्वनामाच्या जागी मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ उभे राहतात. एखादी गृहिणी नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ असा करते, स्वतःविषयी बोलताना ‘आमच्याकडे असेच असते’ असे म्हणते आणि समुपदेशिकेला ‘ताई’ म्हणून हाक मारते. त्या ‘आमच्याकडे’मध्ये तिचा ‘मी’ कोठे लपला आहे, हे शोधणे हेच कित्येकदा समुपदेशनाचे अर्धे काम असते. इंग्रजी नोंदीत ‘आमच्याकडे’चे ‘माझ्या घरी’ झाले, की तो शोध सुरू होण्यापूर्वीच संपतो.

उपपत्तीच्या पातळीवरही भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथे काम आहे. पंजाबी कवी व मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरू-चेला नात्याकडे उपचाराचा एक नमुना म्हणून पाहता येईल काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. तो मोलाचा आहे. परंतु जिने जन्मभर वडीलधाऱ्यांचे उपदेशच ऐकले, तिला आणखी एक गुरू हवा असेल असे नाही. दुसरा मार्ग काव्यशास्त्रातून जातो. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ च्या एका निबंधात असे प्रतिपादिले की, समुपदेशकाने दुसऱ्याचे अंतर्विश्व जणू आपलेच असल्यासारखे अनुभवावे, परंतु त्यातील ‘जणू’ कधी सुटू देऊ नये. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मांडलेल्या ‘सविकल्प समाधी’शी याचे साम्य आहे. स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होणे हेच तेथेही अभिप्रेत आहे. केळकरांनी ते वाचकाच्या आनंदासंबंधी सांगितले आणि रॉजर्स यांनी श्रोत्याच्या जबाबदारीसंबंधी, हा भेद अर्थातच विसरता येणार नाही.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर राहतात. याची कारणे अनेक असली, तरी आपले दुःख ज्या शब्दांत सुचते त्या शब्दांत ते ऐकणारा माणूस न भेटणे हे त्यांपैकी एक खचित आहे. २०१७ च्या अधिनियमाने व्यक्तीला समजेल अशा साध्या भाषेत माहिती देण्याचा दंडक घातला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवाही अनेक भारतीय भाषांतून चालते. सेवा भारतीय भाषांत आणि शिक्षण इंग्रजीत, ही विसंगती म्हणूनच अधिक डोळ्यांत भरते.

उपाय दुर्घट नाहीत. प्रात्यक्षिकाच्या नोंदी मूळ भाषेत ठेवाव्यात आणि त्यांची चिकित्सा शक्य तेथे त्याच भाषेत व्हावी. दुःखवाचक वाक्प्रचारांचे प्रदेशवार कोश भाषाविभाग व मानसशास्त्रविभाग यांनी मिळून सिद्ध करावेत. प्रश्नावल्या भाषांतरित करताना बोलींचे जाणकार सोबत घ्यावेत. इंग्रजी ग्रंथांचा अभ्यास यामुळे थांबण्याचे कारण नाही. मात्र पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या समुपदेशकाला ‘कशात राम वाटत नाही’ हे वाक्य ऐकताच पुढचा प्रश्न मराठीतच सुचला पाहिजे.