केव्हीकेचं बियाणं: ऐकीव गोष्टी आणि खरा व्यवहार

बुलढाणा जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं दोन. एक जळगाव जामोदला, तिथल्याच सातपुडा शिक्षण संस्थेचं. दुसरं बुलढाण्याला, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी चालणाऱ्या या शेतांवर जे पिकतं, ते पुढे विकलंही जातं. पण मृग जवळ आला की या विक्रीबद्दल पारावर जे बोललं जातं, त्यातलं निम्मं ऐकीव असतं.

गैरसमज: सरकारी शेत आहे, मग बियाणं फुकट मिळायला पाहिजे.

वस्तुस्थिती: प्रात्यक्षिकासाठी निवडलेल्या शेतकऱ्याला बियाणं दिलं जातं, ती योजना वेगळी. बाकीच्यांना विकत घ्यावं लागतं. बियाणं आणि रोपांचे पैसे केंद्राच्या फिरत्या निधीत जातात आणि पुढच्या हंगामाचं बियाणं त्यातूनच तयार होतं. फुकट वाटलं तर दुसऱ्या वर्षी वाटायला काही उरणार नाही.

गैरसमज: पिशवीला हिरवी खूणचिठ्ठी म्हणजे दुय्यम माल.

वस्तुस्थिती: इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी खूणचिठ्ठी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी आणि सत्यतादर्शकला हिरवी. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. पण अधिसूचित वाणाच्या बियाण्याची उगवण आणि शुद्धता ठरलेल्या किमान मर्यादेखाली गेलेली चालत नाही, चिठ्ठी निळी असो की हिरवी. फरक हमीदाराचा: निळ्या चिठ्ठीमागे प्रमाणीकरण यंत्रणा, हिरवीमागे स्वतः उत्पादक. म्हणून विकणारा कोण, हे बघून घ्यावं. पैदासकार बियाणं मात्र सहसा पेरायला मिळत नाही. ते महाबीजसारख्या संस्थांकडे पुढच्या गुणनासाठी जातं.

गैरसमज: दरवर्षी नवीन पिशवी घेतलीच पाहिजे.

वस्तुस्थिती: बीटी कपाशीच्या संकरित वाणाला हे लागू आहे. सोयाबीन आणि हरभऱ्याला नाही. ही पिकं स्वपरागीत आहेत. सुवर्ण सोया किंवा जॅकी ९२१८ हरभरा एकदा चांगल्या ठिकाणाहून आणला, भेसळीची झाडं उपटून काढली आणि वेगळी मळणी केली, की पुढची दोन वर्षं घरचं बियाणं चालतं. गावात चार जणांनी असं केलं तर पाचव्याला दुकानात जायला नको. केंद्राच्या विक्रीचा खरा उपयोग हाच. स्वस्त दुकान म्हणून त्याकडे पाहणं चूकच.

सोयाबीनला तेवढं जपावं लागतं. त्याचं टरफल पातळ असतं, पोतं आदळलं तरी उगवण घटते. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट ओलं ठेवा आणि आठवड्याने मोड मोजा. सत्तर निघाले तर नेहमीचं प्रमाण पुरेसं. थोडे कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवा, साठच्या खाली गेले तर ते बियाणं पेरूच नका.

आणि केंद्रावरचं सगळं सेंद्रिय असतं, हाही एक भाबडा समज. तिथे खतं-औषधांचे प्रयोगही होतात. सेंद्रिय हवं असेल तर तसं स्पष्ट विचारून घ्या.

कुठूनही बियाणं घ्या, पावती, खूणचिठ्ठी आणि मूठभर दाण्यांसह पिशवी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर तालुका तक्रार निवारण समिती पंचनाम्याला आल्यावर पहिल्यांदा तेच मागते.