लाखेवरचे सोने : कोल्हापुरी साज पुढच्या पिढीकडे कसा जातो

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जुना कोल्हापुरी साज मोडायला नेला, की काट्यावरचा आकडा आणि हातात पडणारे पैसे यांचा मेळ बसत नाही. साजाचे पान भरीव नसते, हे त्याचे कारण. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर नक्षी उठवतात, पानाच्या पोकळीत लाख भरतात आणि पान बंद करतात. मुशीत लाख जळून जाते, घडणावळ बुडते आणि उरते ते बेताचे सोने. उलट भरीव पाटली मोडली तर घट थोडी, भाव जवळपास पुरा. घरातला कोणता डाग जपायचा आणि कोणता मोडला तरी चालेल, हे ठरवायला याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही. वितळवल्यावर ज्याचे सर्वांत जास्त नुकसान होते, तो डाग आधी जपावा.

या कसोटीवर साज पहिला येतो. जवाच्या आकाराचे पोकळ जवमणी आणि त्यांच्यामध्ये ओवलेली पाने, अशी त्याची रचना असते. पूर्ण साजाला २१ पाने सांगतात : दशावतारांची १०, अष्टमंगलाची ८, माणकाचे एक, पाचूचे एक आणि शेवटचे डोरले. प्रत्यक्षात मात्र मासा, कासव, शंख, कमळ, चंद्र, बेलपान यांच्या शेजारी कारले, भुंगा, नाग आणि वाघनखही दिसतात, आणि त्यांची अवतारांशी जोडणी घरोघरी निराळी ऐकायला मिळते. अलीकडचे बरेचसे साज दहा-बारा पानांचेच असतात. त्यामुळे आजीच्या साजात कोणती पाने कोणत्या क्रमाने होती, हीच त्या घराची स्वतःची ओळख ठरते. ती एकदा विस्कटली की कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

पानाच्या पोटातली लाख हा एका इवल्या किड्याचा पाझर. पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच उभारतात. लाख ठासून भरलेली असते म्हणूनच कागदासारखा पत्रा पिढ्यान्‌पिढ्या चेपत नाही. पण ही लाख ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि मद्यार्कात विरघळते. म्हणून साज कढत पाण्यात बुडवू नये, गॅसजवळ वाळवू नये, आणि तो गळ्यात असताना स्प्रेचा परफ्यूम मारू नये. ध्वनिलहरींनी दागिने धुण्याची यंत्रे भरीव सोन्याला ठीक. लाखेच्या कामाला ती घातक. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून मऊ ब्रशने हलक्या हाताने पुसणे आणि लगेच सुती कापडाने कोरडे करणे, एवढे पुरते. वारंवार उजाळा देण्याची हौसही आवरावी. दर वेळी सोन्याचा अगदी पातळ थर निघतो आणि ठशाची धार बोथट होत जाते.

पुतळीमाळेची गोष्ट वेगळी आणि जास्तच नवलाची आहे. पश्चिम भारतात पुतळी म्हणत ते मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे, डुकाट. वजन साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, दुसरीकडे ख्रिस्त. १२८४ पासून १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत पाचशेहून अधिक वर्षे त्याचा साचा फारसा बदलला नाही आणि व्यापाराच्या वाटेने ते आपल्या किनाऱ्यावर येत राहिले. पुढे इथल्या सोनारांनी देवादिकांचे ठसे करून आपल्या पुतळ्या पाडल्या. तुमच्या माळेत एखादी पुतळी बाकीच्यांहून वेगळी दिसत असेल, त्यावर झिजलेली लॅटिन अक्षरे असतील, तर ती नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय मोडू नका.

जुन्या पेटीत एखादा दागिना फिकट, कमी कसाचा निघाला म्हणून सोनाराने फसवले असे लगेच समजू नये. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटहून जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर हजारो कारागिरांचा धंदा बसला. कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. त्या बंदीच्या वर्षांतल्या लग्नाचा दागिना १४ कॅरेटचा असेल तर तो त्या काळाचा पुरावा आहे. माझ्या मते तोही ठेवावा.

मोती आणि चांदीबद्दल थोडक्यात. नथीतला मोती घाम, अत्तर आणि आंबट पदार्थांनी मरतो. तो प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये, मऊ सुती कापडात ठेवावा. हुपरीचे पैंजण किंवा देवघरातली चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद हा काळेपणा वाढवतात, आणि आपण नेमके त्यातच चांदी गुंडाळतो.

जपणुकीचा उत्तम धडा कोल्हापुरात दर वर्षी समोरच घडतो. नवरात्राआधी अंबाबाईचे अलंकार बाहेर काढून स्वच्छ केले जातात. त्यात साज, ठुशी, पुतळ्यांची माळ असे घरोघरच्या ओळखीचे प्रकारही असतात. वर्षातून एकदा उघडणे, मोजणे, सैल कडी किंवा झिजलेला दोरा पाहणे हेच खरे जतन. बँकेच्या लॉकरमध्ये वीस वर्षे न उघडलेला डबा सुरक्षित असतो, जपलेला नसतो.

सोने पाण्याला दाद देत नाही, कागद देतो. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर मजल मारली. ज्या घरांत पाणी शिरले तिथे पितळी घंगाळ आणि तांब्याचा बंब धुऊन पुन्हा उभे राहिले. लग्नाचे फोटो, शालू आणि मोडी लिपीतले कागद मात्र चिखलात गेले. भिजून चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्यावेत आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवावेत. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर ते फ्रीजरमध्ये टाकावेत, बुरशी थांबते. जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद हळूहळू खराब होतो.

राहिला वाटणीचा प्रश्न. पुतळीमाळ दोन लेकींत वाटता येते; साज वाटला की तो साज राहत नाही. तो एकीलाच द्यावा आणि दुसरीला तितक्या मोलाचे दुसरे काही द्यावे, हे आईने हयातीतच सर्वांसमोर सांगावे. स्त्रीधनावर त्या स्त्रीचीच पूर्ण मालकी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे निवड तिची. मुलगे आणि जावई यांनी सल्ला द्यावा, निकाल नव्हे. प्राप्तिकर खात्याच्या ११ मे १९९४ च्या सूचनेनुसार झडतीच्या वेळी विवाहितेचे ५००, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. तरी त्याहून जास्त सोने वारशाने आले असेल तर मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र हाताशी असावे.

कोल्हापूरच्याच छत्रपती घराण्यातली ‘जगदंबा’ तलवार १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला भेट गेली आणि आज ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती कुठे आहे हे आपल्याला सांगता येते, कारण तिची नोंद झाली होती. सामान्य घरातल्या वस्तूची नोंद आपणच करायची असते. डागाचे नाव, वजन, कोणी कोणाला कोणत्या प्रसंगी दिला, आणि कळत असेल तर कोणत्या सोनाराने घडवला, एवढे एका वहीत शाईने लिहा. आणि साजाचा दोरा झिजून तो पुन्हा गाठवायला द्याल, तेव्हा पटवेकऱ्याच्या हाती सोपवण्याआधी पानांच्या क्रमाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.